न मळणारे शर्ट

आमच्या गल्लीत कोणाच्या घरात काय चाललंय ते मला सगळ्यांच्या आधी कळतं, आणि त्यासाठी कोणाच्या दाराला कान लावावा लागत नाही. इस्त्रीला आलेले कपडे बघितले की झालं. समोरचा न्हावी दारू सोडली म्हणून सांगत फिरतो, पण त्याच्या उजव्या बाहीवर कोपरापाशी दर वेळी नवा गोल डाग असतो, ओल्या टेबलावर कोपर टेकून बसल्यावर पडतो तसा. पेपरवाल्याच्या बायकोला दिवस गेलेत हे तिच्या सासूच्या आधी मला कळलं, कारण तिने दोन झग्यांच्या कमरेच्या शिवणी उसवून सैल केल्या होत्या. ज्या मास्तरांच्या अंगावर खडूचा डबा फेकून मी शाळा सोडली, त्यांच्या पँटला आतून तीन ठिगळं आहेत. आधी माहीत असतं तर कदाचित फेकला नसता. नाही, फेकला असता, पण जरा बाजूला.

आमचं दुकान म्हणजे तीन मजली घराच्या जिन्याखाली मांडलेलं एक टेबल. तिथे बाबांनी बावीस वर्षं कोळशाची इस्त्री ओढली. मग त्यांचं मनगट असं सुजलं की कपबशीसुद्धा उचलेना. तेव्हापासून, म्हणजे दीड वर्ष झालं, इस्त्री माझ्या हातात आहे. बाबा डाव्या हाताने पाणी शिंपडतात, घड्या घालतात, कोळसे फुलवतात आणि गप्प बसतात. गप्प बसण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. आई होती तेव्हा ती दोघांच्या वाटणीचं बोलायची. ती गेल्यावर चौथ्या दिवशी बाबांनी तिचे सगळे कपडे गाठोडं बांधून देऊन टाकले. एक रुमाल ठेवला नाही. मी विचारलं तर म्हणाले, "कपडे घालायला असतात."

धंद्याचा त्यांचा नियम एकच. कपडे करायचे, कपड्यांचं बोलायचं नाही. खिशात चिठ्ठी, तिकीट, कोणाचा फोटो, काही सापडलं तर न बघता डब्यात टाकायचं आणि घडीवर ठेवून परत द्यायचं. गल्लीतले लोक आमच्याकडे येतात ते इस्त्री कडक होते म्हणून नाही. त्यासाठी चौकातला विजेच्या इस्त्रीवाला आहे की. बाबांच्या तोंडाला कुलूप आहे म्हणून येतात. माझ्या तोंडाला ते नाही. न्हाव्याने माझं नाव ठिणगी ठेवलंय, आणि ते कोळशामुळे नाही.

दुसऱ्या मजल्यावर मागच्या खोलीत टायपिस्टताई राहतात. वकिलाच्या ऑफिसात टाईप करून करून त्यांच्या बोटांची टोकं चपटी झालीत. दर गुरुवारी सकाळी ऑफिसला जाताना त्या बोचकं टेबलावर ठेवायच्या. स्वतःचे दोन झगे, एक उशीचा अभ्रा आणि सगळ्यात वर नवऱ्याचे तीन पांढरे शर्ट. नवरा औषधांच्या कंपनीत, कायम फिरतीवर. झगे आणि अभ्रा मी दुपारीच उरकायचे. शर्ट मात्र सहा वाजता, त्या परत आल्यावर, त्यांच्यासमोर. त्यांनी पहिल्यांदाच सांगून ठेवलं होतं, "शर्ट मी आल्यावर कर गं. कॉलर कशी करतेस ते बघायचंय मला."

मला वाटलं, भरवसा नाही बाईचा आपल्यावर. राग आला होता. पण त्या बघायच्या नाहीतच. टेबलाच्या कडेला टेकून उभ्या राहायच्या आणि बोलायच्या.

"आज साहेबांनी एकच पत्र चार वेळा टाईप करून घेतलं."

"का?"

"तीन वेळा मनासारखं झालं नाही. चौथ्या वेळी म्हणाले, पहिलंच बरं होतं."

"मग पहिलंच परत द्यायचं ना."

"तेच दिलं. फाडायला दिलेलं, मी ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं." आणि खाली बघून हसायच्या, चोरी पकडल्यासारख्या.

बाकीचे मला विचारतात, शाळा का सोडलीस. ताईंनी विचारलं, डबा लागला का.

"खांद्याला लागला."

"डोक्यावर मारलेलास ना?"

"हो."

"मग सोडलीस ते बरं केलंस. तुला नेम शिकवला नाही त्यांनी."

तीन शर्टांना अर्धा तास पुरतो. मी पाऊण तास लावायचे.

शर्टांचं मला तिसऱ्याच आठवड्यात कळलं होतं. घातलेला शर्ट कितीही धुवा, तो घातलेलाच राहतो. कॉलरच्या घडीत मानेची रेघ उरते, ती साबणाच्या बापाला जात नाही. टेबलावर हात टेकून काम करणाऱ्याचे कफ खालून झिजतात. बसमध्ये दांडी धरून उभा राहणाऱ्याची एक बगल आधी उसवते. या तीन शर्टांना यातलं काहीच होत नव्हतं. मागच्या गुरुवारी मी काढलेली बाहीची धार धुऊनही अंधुक दिसायची आणि मी पुन्हा तिच्यावरूनच इस्त्री फिरवायचे. ताई शर्ट पाण्यातून काढत होत्या, वाळत घालत होत्या, माझ्याकडे आणत होत्या. मध्ये माणूस नव्हता.

फिरतीवर गेला असेल म्हणावं, तर फिरतीवरचा माणूस शर्ट घरी ठेवून उघडा फिरतो का? महिना झाला, दोन झाले, सहा झाले. मालकीणकाकूंनी जिन्यात गाठून विचारलं की ताई सांगायच्या, "रात्री उशिरा येतात हो, पहाटेची गाडी असते." ज्याच्या कॉलरी दर आठवड्याला घासाव्या लागतात त्या नवऱ्याबद्दल बोलताना कोणी इतकं गोड बोलत नाही, हेही मला कळत होतं.

आणि त्या असं का करत होत्या तेही कळत होतं. मालकीणकाकू तळमजल्यावर राहतात. एकट्या बाईला खोली द्यायची नाही, हा त्यांचा नियम. आधी त्या खोलीत एक नर्स राहायची. तिचा नवरा वारला तर काकू डोळे पुसत भेटायला गेल्या आणि उठता उठता म्हणाल्या, महिनाअखेर दुसरीकडे बघून ठेवा. म्हणून ताई शर्ट वाळत घालायच्या ते पुढच्या गॅलरीत, काकूंच्या डोळ्यांसमोर. खोली गेली तर ताई कुठे जातील, हा विचार मी कधी केला नाही, खरं सांगते. त्या गेल्या तर गुरुवारी सहा वाजता मी कोणाशी बोलणार, एवढंच डोक्यात होतं. त्यामुळे मी गप्प राहिले. आठ महिने. माझ्या मानाने हे लईच झालं.

त्या गुरुवारी दुपारी तीनच्या सुमाराला काकू मुलाचा शर्ट नाचवत आल्या. पाठीवर तपकिरी डाग, इस्त्रीच्या टोकाचा.

"हे काय आहे?"

मी बघितलं. आमच्या इस्त्रीचं टोक बोथट आहे, बाबांच्या हातून दोनदा पडलीय ती. डागाचं टोक अणकुचीदार होतं. म्हणजे यांच्या घरी विजेची इस्त्री आली होती आणि चिरंजीवांनी हात साफ करून घेतला होता.

"काकू, हा डाग आमचा नाही."

"मग काय आभाळातून पडला?"

"घरी विचारा."

"बघा हो. सोळा वर्षांची पोर मला घरी पाठवतेय." हे त्या न्हाव्याला म्हणाल्या. न्हाव्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर थांबला होता. गिऱ्हाईकही अर्ध्या फेसासकट इकडे वळलं होतं. "हिचा बाप होता तेव्हा असं कधी झालं नाही."

बाप तिथेच होता, पुठ्ठ्याने कोळसे फुलवत.

"काकू, टोक बघा ना. आमचं टोक असं नाहीच."

"टोकाचं मला सांगू नकोस. दुसऱ्यांचे बरे नीट होतात." त्यांनी टेबलावरच्या तीन पांढऱ्या शर्टांकडे बोट केलं. "हे बघ. वरच्या साहेबांचे. इतके दिवस बघतेय, एक डाग नाही, पिवळेपणा नाही. ती गोड बोलते म्हणून तिचे जीव ओतून करतेस. आमच्या वेळी मात्र तुझा हात जड होतो."

हात जड म्हणाल्या ना, तिथे माझं डोकं फिरलं. मला उर्मट म्हणा, उलट्या काळजाची म्हणा, चालतं. हाताला बोललेलं चालत नाही.

"त्यांना डाग पडेल कसा?" मी म्हटलं. "कोणी घातले तर पडेल. आठ महिने झाले, त्या शर्टांत माणूस नाही."

बाबांचा पुठ्ठा थांबला.

"म्हणजे?" काकूंनी हळू विचारलं. त्यांच्याकडे हळू आवाजही आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

"म्हणजे काही नाही. रागात बोलले."

"तुला कपड्यांतलं कळतं म्हणतात."

"छे. आताच तर तुम्ही म्हणालात, माझा हात जड आहे."

न्हावी फसकन हसला. काकू हसल्या नाहीत. त्यांनी वरचा शर्ट उचलला, कॉलर उलटी केली, वास घेतला. त्यांना वाचता येत नव्हतं त्यातलं, पण वाचण्यासारखं काहीतरी आहे हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

"इथेच राहू देत हे. आमचे हे पाच वाजता फिरून येतात. चाळीस वर्षं शिवणकाम केलंय त्यांनी. त्यांना दाखवते. शर्ट जागेवरून हलले तर बघ."

त्या गेल्या. बाबा उठले. "बोललीस," म्हणाले. एवढंच. मग कोळसा आणतो म्हणून निघून गेले. कोपऱ्यात दोन पोती भरलेली होती.

तीन ते पाच. दोन तास होते माझ्याकडे.

इस्त्रीवाल्याला कपडा कशाने टिकतो हे माहीत असतं, म्हणजे तो कशाने जातो हेही माहीत असतं. आम्ही इस्त्री विटेवर उभी करतो. त्या विटेचा तुकडा काढला आणि पोत्यांच्या आडोशाला बसून तिन्ही कॉलरी घडीवर घासल्या, दशा निघेपर्यंत. कफ खालून घासले. सकाळचा कोरा चहा उरला होता, त्यात पाणी घालून फडक्याने बगलांना टिपला आणि वरून गरम इस्त्री फिरवली तेव्हा रंग धरला. राख बोटावर घेऊन मानेची रेघ काढली, मग ती ओल्या फडक्याने तीनदा पुसली, धुऊन उरल्यासारखी दिसेपर्यंत. एका शर्टाचं पोटावरचं बटण तोडून वेगळ्या दोऱ्याने लावलं. एकाची उजवी बगल दोन टाके उसवली. त्या माणसाला मी आठ महिने बसमध्ये उभं केलं, टेबलाशी बसवलं, त्याला घाम आणला. इतकं सफाईचं काम मी आजवर केलं नव्हतं. शेवटी तर मजा यायला लागली होती.

पाच वाजता काकू मालककाकांना घेऊन आल्या. काका म्हणजे चष्म्याच्या काडीला दोरा बांधलेला, कमी बोलणारा माणूस. त्यांनी एकेक शर्ट उजेडाकडे नेला. कॉलरच्या दशांवरून अंगठा फिरवला. एकदा नाही, दोनदा. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, आणि मग माझ्या नखांकडे. नखांत विटेचा लाल चुरा होता. मी हात टेबलाखाली घेतले.

"काय?" काकूंनी विचारलं.

"घातलेत."

"नक्की?"

"चांगले घातलेत. माणूस घामट आहे."

"मग ही काय म्हणत होती?"

"पोरगी रागात काहीही बोलते. तू बोलत नाहीस?"

काकू तोंड फिरवून गेल्या. काकांनी तिन्ही शर्ट नीट रचून ठेवले, वरच्या कॉलरवर तळहात ठेवून एक क्षण उभे राहिले आणि गेले.

सहा वाजता ताई आल्या. मला धीर निघत नव्हता. मी सगळं सांगून टाकलं. काकू काय म्हणाल्या, मी काय म्हटलं, मग काय केलं. वीट, चहा, राख, बटण. "काम फत्ते झालं, ताई. काकांनी शिक्काच मारला. आता कोणी काही विचारणार नाही." मला वाटलं, खाली बघून हसतील.

त्यांनी पर्स टेबलावर ठेवली. वरच्या शर्टाची कॉलर उघडली आणि त्या दशांवरून बोटाचं चपटं टोक फिरवलं. मग दुसऱ्याच्या. मग तिसऱ्याच्या. तिसरा शर्ट त्यांनी नाकाशी नेला आणि लगेच लांब धरला. चहाचा वास येत असणार.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"तिसऱ्या आठवड्यापासून."

"म्हणजे मी इथे उभी राहून सांगायचे, ह्यांना अशी कॉलर आवडते, ह्यांचा आज ऑफिसात फोन आला होता, तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"आणि तू ऐकून घ्यायचीस."

"मला वाटलं, तुम्हाला तसंच हवंय."

न्हाव्याच्या दुकानातला रेडिओ चालू होता. कुठल्या तरी सामन्याचं धावतं वर्णन, कोणीतरी बाद झाला होता आणि आतली माणसं हळहळत होती.

"एकदा म्हणायचं होतंस गं," ताई म्हणाल्या. "या शर्टांत कोणी नाही, हे मला म्हणायचं होतंस. इथेच, हळूच. मी काय केलं असतं? काही नाही. पण एक माणूस तरी असतं, ज्याच्यासमोर मला हे करावं लागलं नसतं. तू गल्लीला सांगितलंस. मला नाही सांगितलंस."

मी इस्त्री हातात घेतली.

"घर सोडताना बाकीचे सगळे नेले त्यांनी. हे कपाटाच्या वरच्या फळीवर मागे पडले होते, म्हणून राहिले." त्यांनी शर्टांच्या घड्या घातल्या, माझ्याच जुन्या घडीवरून. "आज इस्त्री राहू दे."

"ताई, खोली तर राहिली ना."

"राहिली. उपकार झाले." हे त्या टोमण्याने म्हणाल्या नाहीत. टोमणा असता तर मी भांडले असते. कानाखाली मारली असती तरी बरं वाटलं असतं.

त्यांनी बोचकं बांधलं आणि वर गेल्या. बाबा तेव्हा आले, कोळशाची पिशवी घेऊन. माझ्याकडे बघितलं आणि इस्त्री माझ्या हातातून काढून विटेवर ठेवली, कारण ती मी नुसतीच धरून उभी होते, आणि टेबलावरच्या चादरीला वास यायला लागला होता.

त्या रात्री माझ्या मनात आईचे कपडे आले. एक रुमाल जरी असता आणि तो कोणी विटेने घासला असता, तर मी त्या माणसाचं काय केलं असतं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुढच्या गुरुवारी बोचकं आलं नाही. सकाळी ताई जिना उतरल्या ते हातात पिशवी घेऊन, आणि सरळ चौकाकडे गेल्या. विजेच्या इस्त्रीवाल्याकडे. संध्याकाळी सहाला परत आल्या तेव्हा पिशवीतून कागदात गुंडाळलेली घडी दिसत होती.

"ताई," मी म्हटलं.

"हं," म्हणाल्या, आणि वर गेल्या. रागाने नाही. दूधवाल्याला म्हणतात तसं.

मी सहा ते पावणेसात या वेळेत करायला कामं काढून ठेवायला लागले. चादरी, पडदे, मोठं मोठं. तरी उरायचीच वेळ. बाबांनी एकदा विचारलं, "मी बोलू का तिच्याशी?" बाबा स्वतःहून कोणाशी बोलायला तयार झाले, म्हणजे माझं तोंड किती वाईट दिसत असेल बघा. मी नको म्हटलं.

तीन आठवड्यांनी मालककाका टेबलापाशी येऊन स्टुलावर बसले. काकूंचं काहीतरी न्यायला आले होते, ते झालेलं नव्हतं. थोडा वेळ रस्त्याकडे बघत बसले. मग रस्त्यालाच सांगावं तसं बोलले, "वरच्या बाईंनी शर्ट आणले होते माझ्याकडे. कॉलरी उलटवून दिल्या."

झिजलेली कॉलर उसवून उलटी लावली की आतली कोरी बाजू वर येते. नव्यासारखी दिसते. जुने शिंपी करतात हे काम.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणाल्या, ह्यांची मान फार घासते."

"मग तुम्ही?"

"मी म्हटलं, काही माणसांची घासते."

त्यांचा चेहरा सरळ होता, सुतासारखा. मी इस्त्री फिरवत राहिले. ते दोघं आत बसले असतील, मध्ये शिवणयंत्र, आणि हे बोलले असतील, आणि दोघांनाही सगळं माहीत असेल. त्या बोलण्यात मी पण असायला हवी होते, असं काहीतरी वाटलं.

"चौकातला ओलं फडकं न घालता इस्त्री करतो," मी म्हटलं. "पांढरी कॉलर महिन्याभरात पिवळी पडेल. सांगाल का त्यांना?"

"तू सांग."

"माझ्याशी बोलत नाहीत."

"बोलतात की. हं म्हणतात." ते उठले. "त्या हं मध्ये बसेल एवढंच सांग."

म्हणून गुरुवारी सहा वाजता ताई जिन्याशी आल्या तेव्हा मी इस्त्री खाली ठेवली आणि एका दमात म्हटलं, "ताई, त्या विजेच्या इस्त्रीने कॉलर पिवळी पडते. त्याला वर ओलं फडकं घालायला सांगा."

त्या तिसऱ्या पायरीवर थांबल्या. वळल्या. मला वाटलं आता काहीतरी म्हणतील, टेबलाशी येतील, पर्स ठेवतील. त्यांच्या तोंडावर ते हसू आलं, जिन्यात काकू भेटल्या की यायचं तेच.

"बरं झालं सांगितलंस," त्या म्हणाल्या. "ह्यांना पिवळी कॉलर अजिबात चालत नाही."

काकूंचं दार बंद होतं. न्हावी दुकान झाडत होता, त्याचं लक्ष नव्हतं. गल्लीत ऐकायला दुसरं कोणी नव्हतं.

"हो ना," मी म्हटलं. "साहेब कुठे आहेत सध्या?"

"फिरतीवर," ताई म्हणाल्या, आणि वर गेल्या.